एका जाजमावरचं वाण

संक्रांत जवळ आली की गावागावांत एकच चर्चा सुरू होते. यंदा वाण काय लुटायचं? प्लॅस्टिकचा डबा, स्टीलची वाटी, गाळणी की कुंकवाची डबी? बाजारात ढीग लागलेले असतात. डझनाच्या भावाने आणायचं, वाटायचं, आणि आठवडाभरात आपल्याही घरी तसल्याच दहा वस्तू जमतात. त्यांतली कोणती कुणी दिली, हे महिन्याभरात आठवतही नाही.

आज आम्ही बोलणार आहोत ते हाताने केलेल्या वाणाबद्दल. कागद, पुठ्ठा, लोकर, फुटक्या बांगड्या, टिकल्या, धान्याचे दाणे असं घरातलंच सामान घ्यायचं, त्यातून तळहातावर मावेल एवढी भेट करायची, आणि ती एकमेकींना देऊन दुसरीची घ्यायची. एवढ्याशा गोष्टीला कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. पण इतिहास आहे, आणि त्यात आपल्या सातारा जिल्ह्याच्या एका लेकीचं मोठं काम आहे. फक्त तो एका पुस्तकात सलग लिहिलेला सापडत नाही. थोडा माळ्यावरच्या टोपलीत आहे, थोडा रुखवताच्या जुन्या फोटोत आहे, थोडा आपल्या हातांच्या सवयीत आहे. तो आज गोळा करू.

आधी कागदाकडे बघू. माणदेशातल्या आपल्या आज्यांना कागद म्हटलं की काय आठवायचं? सातबारा, सावकाराची चिठ्ठी, कोर्टाची नोटीस आणि दुष्काळी कामावरचं हजेरीपत्रक. १९७२ च्या दुष्काळात बायका दिवसभर खडी फोडायच्या आणि हजेरीच्या कागदावर अंगठा उठवायच्या. वर काय लिहिलंय ते दुसऱ्या कुणीतरी वाचून सांगायचं. कागद हा नेहमी दुसऱ्याच्या हातात असायचा. त्याची भीती वाटायची.

गंमत अशी की हा कागद जुन्या काळी ज्यापासून व्हायचा, ते सामान बाईच्याच घरातलं होतं. फाटकी लुगडी, चिंध्या, तागाची पोती, जुने दोर. हे सगळं भिजवायचं, कुटायचं, त्याचा लगदा करायचा, तो पाण्यात सोडून जाळीवर उचलायचा, थर वाळवायचा आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. मराठवाड्यात दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी तिथे कागद करायला सुरुवात केली, असं सांगतात. आपल्या बाजूला जुन्नरचा कागद नावाजलेला होता. दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर दफ्तरं लिहिली गेली, हुकूम लिहिले गेले, जमिनींचे हिशेब लिहिले गेले. पुढे यंत्राचा स्वस्त कागद आला आणि हातकागदाचे कारखाने बसले. १९४० साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. शिंप्याच्या दुकानातल्या सुती चिंध्यांपासून तिथे कागद होऊ लागला. म्हणजे बघा, राज्याचा हुकूम ज्यावर उतरायचा त्या कागदात कुणा तरी बाईच्या जुन्या लुगड्याचा धागा असायचा. नाव मात्र तिचं त्यावर कधी नसायचं.

बायकांच्या हाती कागद आला तो रद्दी होऊन. वाचून झालेलं वर्तमानपत्र, पोरांच्या भरलेल्या वह्या, वाण्याच्या पुड्या, जुन्या लग्नपत्रिका. एका दाण्याची नासाडी न करणाऱ्या घरात हे तरी कसं टाकून देणार? मग त्याची टोपली झाली. तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी अशी टोपली असेल. कागद चार-पाच दिवस पाण्यात भिजवायचा. मेथ्या भिजवून वाटायच्या. कागद उखळात कुटून त्यात मेथी कालवायची. मेथीने लगदा चिकट होतो आणि तिच्या कडवटपणामुळे कीड लवकर लागत नाही. मग पातेलं किंवा घमेलं पालथं घालायचं, त्याच्यावर लगदा थापायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा. आपल्याकडे पाणी कमी, पण ऊन मुबलक. त्यामुळे हे काम माणदेशाला मानवलं. वाळल्यावर टोपली सोडवायची, वर खळीने रंगीत कागद चिकटवायचा. शेवया, पापड, डाळी अशा कोरड्या वस्तू त्यात वर्षभर राहायच्या.

खळीचंही सांगायला हवं, कारण ती आपल्या मातीतली आहे. गव्हाच्या पिठाची खळ आपण सगळ्याच करतो. पण चिंचोक्याची खळ त्याहून चिवट. माणदेशात घोंगडी विणणाऱ्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या केली जाते. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचं आणि शिजवायचं. ती लोकरीच्या ताण्याला लावली की धागा ताठ होतो आणि घोंगडं टिकतं. तीच खळ तिकडे कोकणात, सावंतवाडीत, वेगळ्याच कामाला आली. तिथे गंजिफा नावाचे गोल पत्ते हाताने करायची कला आहे. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप द्यायचा, घोटायचं, मग बारीक कुंचल्याने चित्र काढायचं आणि वरून लाखेचा हात द्यायचा. दशावताराच्या एका जोडात १२० पत्ते असतात. दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. ही कला विझत आली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चितारी कारागिरांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. घोंगडीवाल्याच्या घरची खळ आणि राजवाड्यातल्या पत्त्याची खळ एकच, हे लक्षात ठेवा. सामान साधंच असतं. त्याला मोल येतं ते हाताने.

आता रुखवताकडे येऊ. पूर्वीचं रुखवत मुख्यतः खाण्याचं. लाडू, करंज्या, शेवया, कुरडया. नंतर त्यात शोभेच्या वस्तू आल्या. सुपारीचे भटजी, कापसाच्या बाहुल्या, पुठ्ठ्याचं घर, टिकल्यांचा मोर, काडेपेटीच्या काड्यांची झोपडी, फुटक्या बांगड्यांचं तोरण. या वस्तू कुठल्या दुकानातून शिकल्या? शाळेतून थोड्या शिकल्या. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळेत हाताच्या कामाला जागा द्या असं सुचवलं, आणि पुढे आपल्या शाळांमध्ये कार्यानुभवाचा तास आला. घोटीव कागद, क्रेप कागद, जिलेटीन हे शब्द आपल्याला त्या तासाने दिले. पण जास्त शिकवलं ते शेजारणीने. एकीच्या लग्नातला मोर बघून दुसरी वर्तमानपत्रावर त्याचा आकार कापून नेणार, तिसरी तो आकार तिच्याकडून मागून आणणार. आकार गावभर फिरायचा. बरोबर सासरीही जायचा. आटपाडीची मुलगी दहिवडीला नांदायला आली की तिच्याबरोबर तिकडची एखादी नवी पाकळी इकडे यायची.

हलव्याचे दागिने हीसुद्धा अशीच मिश्र कला. साखरेचा पाक मंद आचेवर थेंबाथेंबाने तिळावर किंवा साबुदाण्यावर सोडत हलवत राहिलं की दाण्यावर काटा फुलतो. असे काटेरी दाणे दोऱ्यात ओवायचे, पुठ्ठ्याच्या आकारावर बसवायचे, मागे बेगड किंवा सोनेरी कागद लावायचा. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरन्हाणाला ते घालायचे. साखर, कागद, दोरा आणि चमकी. एक दिवसाचा दागिना, पण करायला कित्येक रात्री जातात.

आणि एक आठवण पोस्टाची. आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ साली आलं, पाव आण्याला. आपला माणदेश म्हणजे पाण्यासाठी आणि पोटासाठी बाहेर पडणारा मुलूख. कुणी मुंबईच्या गिरणीत गेलं, कुणी आटपाडी-विट्याकडून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. संक्रांतीला लांबच्या माणसाला तोंडाने तिळगूळ देता येत नाही, म्हणून लोक पाकिटातून पाठवायचे. भेटकार्ड आणि त्याबरोबर हलव्याच्या दाण्यांची छोटी पुडी. पाकीट पोचायचं तेव्हा निम्म्या दाण्यांचा चुरा झालेला असायचा, पण तो चुराही घरातल्या सगळ्यांना वाटून दिला जायचा.

इथवर आपण वस्तूंचा इतिहास पाहिला. आता देण्याघेण्याचा बघू, कारण आमच्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

आपल्याकडे दुसरीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, अशी रीत आहे. शेजारणीने वाटीभर कोरड्यास दिलं, तर वाटी परत जाताना त्यात दोन शेंगा तरी असतात. शेतात पैरा असतो. आज तुझ्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तू. कुरडया-पापडही तसेच होतात. यात पैसा नाही आणि उपकारही नाही. पैसे देऊन वस्तू घेतली की नातं तिथेच संपतं. दान घेतलं की घेणारीची मान खाली जाते. पैऱ्यात दोघींची मान सारखी राहते. संक्रांतीच्या सुगडांतही हेच आहे. मातीच्या बोळक्यात ऊस, गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळ घालायचे आणि देवळात जाऊन एकमेकींना ववसायचं. तू मला दे, मी तुला देते. दोघींच्या सुगडात रानातला तोच माल असतो, तरी देवाणघेवाण होते. वस्तूची गरज नसते. भेटीची असते.

पण मैत्रिणींनो, या रीतीला एक कुंपणही होतं. कोण कुणाला वाण देणार, हे जातीने ठरायचं. एका आळीतलं वाण दुसऱ्या आळीत जायचं नाही. आणि जिचा नवरा गेला, तिला तर कुठल्याच आळीचं बोलावणं नसायचं.

पहिल्या कुंपणाला धक्का दिला तो सावित्रीबाई फुले यांनी. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी शेणामातीचा मारा सोसला, हे आपण दर जयंतीला ऐकतो. पण त्यांचं संक्रांतीचं काम आपण फार कमी सांगतो. पुण्यात त्यांनी महिला सेवा मंडळ सुरू केलं होतं. १८५२ सालच्या जानेवारीत या मंडळाने बायकांचा तिळगूळ समारंभ ठेवला. कलेक्टरच्या पत्नी अध्यक्ष होत्या. निमंत्रणाच्या कागदावर स्पष्ट कळवलं होतं की कोणत्याही जातीच्या बाईला वेगळं बसवलं जाणार नाही, सगळ्या एकाच जाजमावर बसतील, आणि हळदीकुंकू व तिळगूळ सगळ्यांना सारखंच दिलं जाईल.

काळ बघा, १८५२ साल. पाणी वेगळं, विहीर वेगळी, सावलीचाही विटाळ मानला जायचा, अशा पुण्यात हे निमंत्रण गेलं. सावित्रीबाईंनी त्यासाठी नवा सण काढला नाही. बायकांच्या हातात होता तोच सण घेतला, आणि बसायचं जाजम तेवढं एक केलं. बायकांना घराबाहेर पडायला जे एक मानाचं निमित्त होतं, त्यातच बरोबरी आणून ठेवली. आमच्या लेखी आपल्या बचत गटाच्या सतरंजीची आजी म्हणजे ते जाजम. आज आपल्या बैठकीत सगळ्या आळ्यांच्या बायका गोल करून बसतात, त्याची सुरुवात तिथे झाली. पुढे १८६३ साली फुले दांपत्याने फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. म्हणजे दुसऱ्या कुंपणाशीही त्यांची लढाई चालूच होती.

ते दुसरं कुंपण मात्र फार चिवट निघालं. विधवा बाईला वाणातून वगळायचं, ही रीत कित्येक गावांत आजही पाळतात. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद करायच्या. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला, परिपत्रकही आलं. पण हळदीकुंकवाच्या दिवशी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसलेल्या बाईला बाहेर कुणी बोलवायचं, हे परिपत्रकाने होत नाही. ते आपणच करायचं असतं.

आमच्या गटांमध्ये हा प्रश्न दर संक्रांतीला यायचा. सासूबाई काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, अशी भीती. कुंकू लावायचं की नाही यावरच वाद अडायचा. आणि जिच्याबद्दल वाद चाललाय ती बाई तिथेच बसून सगळं ऐकतेय. तिला काय वाटत असेल? शेवटी तीच उठून म्हणायची, "असू द्या बायांनो, मी येत नाही." मग आमच्यातल्याच काहीजणींनी वाट काढली. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांतली गटाची जी बैठक असेल, त्या बैठकीत हाताने केलेल्या कागदी भेटींची अदलाबदल करायची. करील तिने आणायची आणि आणील तिने न्यायची, एवढाच नियम ठेवला. यात नवरा असण्या-नसण्याचा प्रश्न कुठे येतोच? ज्यांना हळदीकुंकू करायचं त्या घरी करतात. बैठकीत मात्र सगळ्यांचे हात सारखे.

त्या बैठकीत आमच्या एका काकूंनी आणलेला कागद आम्हाला आजही डोळ्यांसमोर दिसतो. माहेर धनगराचं. लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी काळ्या लोकरीच्या खऱ्या धाग्याने मेंढरू केलं होतं, पायांना बाजरीच्या कणसाच्या काड्या लावल्या होत्या, आणि डोळ्याच्या जागी एक हरभऱ्याचा दाणा. त्याच्यासाठी चौघींनी हात पुढे केले. वीस वर्षांत काकूंना कुणी वाण दिलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्यांच्या हातचं वाण मिळावं म्हणून बायका भांडल्या. शेवटी चिठ्ठी टाकावी लागली. काकू हसत होत्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या.

अशी अदलाबदल जगातही चालते बरं का. १९९७ साली स्वित्झर्लंड देशातल्या झुरिक शहरात एम. व्हेन्ची स्टिर्नेमान नावाच्या कलावंताने हाताने केलेल्या १,२०० छोट्या कार्डांचं प्रदर्शन भरवलं. प्रत्येक कार्ड पत्त्याच्या पानाएवढं, म्हणजे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच. त्याने बघायला आलेल्यांना सांगितलं की कार्ड हवं असेल तर तुम्हीही तेवढंच एक करून आणा आणि बदलून घ्या. पैसे चालणार नाहीत. त्यातून जगभर अशा कार्डांची अदलाबदल सुरू झाली. कागद, कापड, धागा, शिक्के, काहीही चिकटवा, माप तेवढं तेच आणि विक्री नाही. त्यांना ती कल्पना नवी वाटली. आपण ववसा देणाऱ्या बायका. आपल्याला त्यात ओळखीचं काहीतरी दिसतं.

योगायोग असा की त्याच १९९७ साली आपल्या म्हसवडमध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेचा पहिला अर्ज नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका अक्षरं शिकल्या, सही शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अंगठ्याच्या जागी सही आली. हजेरीपत्रकाच्या कागदाला घाबरणाऱ्या आज्यांच्या मुली आणि सुना बँकेच्या कागदावर नाव लिहू लागल्या. म्हणून आम्हाला वाटतं, कागद कापणं, चिकटवणं, त्यावर आपलं नाव घालणं हा नुसता विरंगुळा नाही. ज्या कागदाने आपल्याला एवढी वर्षं धाक दाखवला, तो आपल्या हाताला ओळखीचा करून घेण्याची ही एक रीत आहे.

आता एक प्रश्न नेहमी येतो. एवढं छान होतंय, तर विकायचं का नाही? विका की. तोरणं, कंदील, हलव्याचे दागिने, लगद्याच्या टोपल्या गटाने जरूर विकाव्यात. विकताना हाताच्या तासांचा हिशेब धरा. कागद रद्दीचा म्हणून वस्तू फुकटची, असं गिऱ्हाईक म्हणेल. त्याला सांगा, कागद रद्दीचा आहे, वेळ रद्दीचा नाही. पण अदलाबदलीची कार्डं विकू नका, अशी आमची विनंती आहे. बाजारात सुबक कार्ड जिंकतं आणि ओबडधोबड मागे पडतं. अदलाबदलीत थरथरत्या हाताने चिकटवलेलं कार्डही कुणाच्या तरी घरी जातंच. जिने आयुष्यात पहिल्यांदा कात्री धरली, ती आणि जिचं रुखवत गावात गाजलं, ती, दोघी एकेक कार्ड देतात आणि एकेक घेतात. वर्षातून एक जागा तरी अशी असावी, जिथे आपली किंमत कुणी करत नाही.

ज्यांना यंदा करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माप पत्त्याच्या पानाएवढंच ठेवा, म्हणजे सामान कमी लागतं आणि कुणाला दडपण येत नाही. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. दोन पानं खळीने जोडून वजनाखाली रात्रभर ठेवा, ती वाकत नाहीत. पिठाच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी असतं, लहान मुलांच्या घरात ते नकोच. त्याऐवजी मेथीचं वाटण घाला. धान्य लावणार असाल तर आधी कडक ऊन दाखवा. कॅलेंडरची जुनी पानं, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, शिवणाच्या चिंध्या, घोंगडीची लोकर, यात्रेतून आणलेली चमकी, काहीही चालेल. कार्डावर देवाचं चित्र शक्यतो नको, कारण ते पुढे कुठे टाकायचं याचा घोर लागतो. आणि विकतची वस्तू आणायची नाही, हा नियम मोडू देऊ नका. नाहीतर ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांचं कार्ड मोठं होईल आणि आपण पुन्हा स्टीलच्या वाटीवर येऊ.

बसायला एकच सतरंजी घाला. जिला दरवर्षी बोलावणं नसतं, तिच्या घरी आधी जा. नुसता निरोप पाठवू नका. दोघींनी जा, आणि कार्ड करायला एक कोरी पत्रिका तिच्या हातात देऊन या. हातात कोरा कागद आला की ती येते, असा आमचा अनुभव आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तीच आपण विसरतो. कार्डाच्या मागे आपलं नाव लिहा, गावाचं नाव लिहा, साल लिहा. जिला लिहिता येत नाही तिचं नाव तिच्यासमोर लिहा आणि तिला वाचून दाखवा. आपल्या आज्यांनी केलेल्या टोपल्या आहेत, पण कुणी केल्या ते लिहिलेलं नाही. रुखवतातले मोर फोटोत आहेत, करणारीचं नाव नाही. राजाच्या कागदावर राजाचं नाव राहिलं, आणि आपली कला मात्र वाळवीने खाल्ली, उंदरांनी कुरतडली, चुलीत गेली. सावित्रीबाईंच्या त्या समारंभाचा निरोप कागदावर उतरलेला होता, म्हणूनच आज आपल्याला कळतं की १८५२ साली पुण्यात बायका एका जाजमावर बसल्या होत्या.

येत्या संक्रांतीला तुमच्या गटात अशी बैठक झाली, तर तिची नोंद गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत करा. कोण कोण आल्या, कुणी काय केलं, कुणाचं कार्ड कुणाकडे गेलं. कर्जाच्या हप्त्याच्या नोंदीखाली चार ओळी पुरतील. तिळगूळ घ्या, आणि या वर्षी कुणालाही वगळू नका.